राजा गेल्यावर चौथ्या दिवशी काय होतं?

प्रश्न असा आला आहे: “सर, मी सात रस्त्याजवळच्या एका अभ्यासिकेत बसतो, राज्यसेवेची तयारी करतोय. खाली चायनीजच्या गाडीवर नेपाळचा एक जण काम करतो. तो म्हणतो, आमच्याकडे लोकांनी राजा घालवला, पण तेव्हापासून एकही सरकार पाच वर्षं टिकलं नाही, त्यापेक्षा राजाच बरा होता. मला त्याला उत्तर देता आलं नाही. फ्रान्स, पोर्तुगाल, रशिया, जिथं बघावं तिथं असंच झालेलं दिसतं. लोक जीव पणाला लावून राजाला घालवतात, मग सरकार का टिकत नाही? हा लोकांचाच दोष का?”

एकतीस वर्षं राज्यशास्त्र शिकवलं, त्यातली बरीच वर्षं तुलनात्मक शासनपद्धतीचा पेपर माझ्याकडे होता. हा प्रश्न दर वर्षी कुणीतरी विचारायचंच. आणि गाइडमधलं उत्तरही दर वर्षी तेच असायचं: जनतेत राजकीय परिपक्वतेचा अभाव. हे वाक्य तू पेपरात लिहू नकोस. ताप का आला, तर अंग गरम झालं म्हणून, असं सांगण्यासारखं आहे ते.

आधी आपल्या गावचं, सोलापूरचं, उदाहरण घेऊ. चार पुतळ्यावरून तू रोज जात असशील. 5 मे 1930 ला गांधीजींना अटक झाली, 8 मेला सोलापुरात गोळीबार झाला, जमाव भडकला, पोलीस चौकी आणि कोर्ट पेटलं. पुढचे तीनेक दिवस इंग्रजी अंमल शहरातून जणू उठूनच गेला. रहदारी आणि बंदोबस्त काँग्रेसचे स्वयंसेवक बघत होते. मग 12 मेला लष्करी कायदा लागला, आणि 12 जानेवारी 1931 ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिली. हा इतिहास आपण छाती फुगवून सांगतो, आणि सांगायलाच पाहिजे. पण वर्गात मी त्याला जोडून आणखी एक प्रश्न विचारायचो, तो काही मुलांना आवडायचा नाही. लष्कर आलंच नसतं, तर चौथ्या दिवशी काय झालं असतं?

गिरणी कामगाराच्या पगाराचा तंटा कुणापुढे गेला असता? व्यापाऱ्याने ज्वारीचा भाव चढवला, तर त्याला जाब कुणी विचारला असता? नळाचं पाणी कुठल्या पेठेला आधी सोडायचं, हे कुणी ठरवलं असतं? बादशहाचा अंमल नको, यावर गिरणी कामगार, व्यापारी, लिंगायत, मारवाडी, मराठा, मुसलमान सगळे एक होते. पण पगार किती आणि भाव काय, यावर त्यांचं एकमत होण्याचं कारणच नव्हतं. “नको” म्हणताना माणसं एक होतात. “मग काय हवं” असं विचारलं की मूळचे जेवढे गट असतील तेवढे पुन्हा दिसायला लागतात. आमच्या कॉलनीच्या सोसायटीत एका चेअरमनला काढायला पाच गट एकत्र आले होते. अविश्वास ठराव दहा मिनिटांत मंजूर झाला. नवा चेअरमन निवडायला चौदा महिने लागले, आणि तोवर टाकीची मोटर जळून गेली ती गेलीच.

एवढ्यावर उत्तर संपत नाही. फुटणाऱ्या आघाड्या जगात सगळीकडे असतात. राजा गेलेल्या देशात त्या फुटीने सरकार का पडतं, हे बघायला हवं.

राजा म्हणजे केवळ राज्य करणारा माणूस नव्हे. भांडण जिथे संपतं ती जागा म्हणजे राजा. न्याय चांगला असो वा वाईट, शेवटचा शब्द त्याचा. आपल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, निघतात. कुठली काठी पुढे, कुठली मागे, पूजेचा मान कुणाचा, हे आज उभ्या असलेल्या कुणीही ठरवलेलं नाही. म्हणून एवढ्या गर्दीत त्यावरून मारामारी होत नाही. समज उद्या कुणी म्हणालं की हे मान-पान सगळं रद्द. त्यात गैर काहीच नाही. पण परवाच्या मिरवणुकीत पहिली काठी कुणाची, हे ठरवण्याची नवी रीत सगळ्यांना आधी मान्य करून घ्यावी लागेल. क्रांतीत मान रद्द होतो एका दिवसात, नवी रीत मान्य व्हायला पिढी जाते, आणि मिरवणूक तर दुसऱ्या दिवशीच निघायची असते. मधल्या काळात जी सरकारं येतात ती काठी हातात धरून उभी असतात. पुढे कुणी जायचं याचा निर्णयच झालेला नसतो.

माझं म्हणणं एवढंच आहे. आता ते निरनिराळ्या देशांत कसं घडलं ते बघ.

पहिला प्रकार दुधाने तोंड पोळल्याचा. राजाचा जाच ताजा असतो, म्हणून नवी घटना लिहिणारे ताकही फुंकून पितात. पुन्हा एका माणसाच्या हातात सत्ता जायला नको म्हणून ते कार्यकारी सत्ता मुद्दाम लुळी ठेवतात. फ्रान्समध्ये 1792 साली प्रजासत्ताक आलं, 21 जानेवारी 1793 ला सोळाव्या लुईचा शिरच्छेद झाला. त्याच साली केलेली घटना कधी अमलातच आली नाही. 1795 च्या घटनेने एका प्रमुखाऐवजी पाच संचालक बसवले. दोन सभागृहं केली आणि दर वर्षी त्यांतल्या एक तृतीयांश जागांची निवडणूक ठेवली. म्हणजे सरकारला श्वास घ्यायलाही उसंत नाही. शिवाय संचालक आणि सभागृह यांचं बिनसलं तर काय करायचं, याचा कुठलाही मार्ग घटनेत नव्हता. बरखास्ती नाही आणि अविश्वास ठरावही नाही. मग मार्ग उरतो तो सैन्याचा. 1797 मध्ये राजाच्या बाजूचे लोक निवडून आले, तर लष्कर बोलावून निवडणुका रद्द केल्या. 1798 मध्ये डावे निवडून आले, त्यांचेही निकाल फिरवले. 1799 मध्ये सभागृहाने उलट संचालकांनाच घालवलं. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात नेपोलियन आला. ज्या एका माणसाच्या भीतीने पाच संचालक बसवले होते, तोच एक माणूस त्या पाचांच्या भांडणातून वर आला.

पोर्तुगालची गोष्ट आपल्याकडे फार कुणी वाचत नाही, पण या प्रश्नासाठी तिच्यासारखं उदाहरण नाही. 5 ऑक्टोबर 1910 ला लिस्बनमध्ये क्रांती झाली, राजा मॅन्युएल देश सोडून गेला. पुढच्या सोळा वर्षांत साधारण पंचेचाळीस सरकारं झाली. म्हणजे सरासरी चार-साडेचार महिन्यांना एक. ही काय भानगड होती? 1911 च्या घटनेने राष्ट्राध्यक्ष निवडायचा आणि काढायचा अधिकार संसदेला दिला, पण संसद बरखास्त करायचा अधिकार कुणालाच दिला नाही. खासदाराच्या जागी बसून बघ. सरकार पाडलंस तर तुझं काही जात नाही, निवडणूक तर होणारच नाही. नवं सरकार आलं तर कदाचित मंत्रिपद पदरात पडेल. मग सरकार का पाडू नये? फुकटात पडणारी वस्तू माणूस पाडतोच. बरखास्तीचा अधिकार 1919 मध्ये घातला, पण तोवर कारभाराची मोडतोड झाली होती, पहिल्या महायुद्धात उतरून तिजोरीही रिकामी झाली होती.

त्यात या प्रजासत्ताकाने आणखी एक उद्योग केला, तो मला फार बोलका वाटतो. राजाला घालवलं लोकांच्या नावाने, आणि 1913 च्या कायद्याने मताचा हक्क दिला फक्त साक्षर पुरुषांना. शेतकरी बहुतांशी निरक्षर, आणि नव्या राज्यकर्त्यांना भीती की खेड्यातला माणूस पाद्रीच्या सांगण्यावरून मत देईल. 1911 मध्ये कारोलिना बिअट्रीज आंजेलू या डॉक्टर बाईंनी कायद्यातल्या शब्दाचा आधार घेऊन मत दिलं होतं. कायद्यात “पुरुष” असं लिहिलेलं नव्हतं आणि त्या कुटुंबप्रमुख होत्या. नव्या कायद्याने ती फटही बुजवली. म्हणजे मिरवणुकीला आख्खं गाव आणि पंगतीला चारच घरं. अशा सरकारवर बाहेर राहिलेल्यांची निष्ठा का बसावी? 1921 च्या ऑक्टोबरात एका रात्री पंतप्रधान आंतोनिओ ग्रांजू यांचा खून झाला. 28 मे 1926 ला लष्कराने सत्ता घेतली, तेव्हा प्रजासत्ताक वाचवायला कुणी रस्त्यावर आलं नाही. पुढे सालाझार आले, आणि ती हुकूमशाही थेट 1974 पर्यंत चालली.

रशियाचं थोडक्यात सांगतो, कारण ते तुला पाठ असेल. 1917 च्या मार्चात झार पायउतार झाला, आणि एकाच राजधानीत एकाच वेळी दोन सत्ता बसल्या. कागदावर हंगामी सरकार, पण शिपाई ऐकणार सोव्हिएतचं, म्हणजे कामगार-शिपायांच्या परिषदेचं. हंगामी सरकारची रचना आठ महिन्यांत पुन्हा पुन्हा बदलत राहिली, युद्ध चालूच ठेवलं, जमिनीचा प्रश्न निवडणुकीनंतर बघू म्हणून टांगून ठेवला. संविधान सभा शेवटी 1918 च्या जानेवारीत भरली ती एकच दिवस. चीनमध्ये 1912 च्या फेब्रुवारीत बालसम्राटाने गादी सोडली, पण सैन्य होतं युआन शिकाई यांच्या हाती. सभागृहात बहुमत मिळवणारे सोंग जियाओरेन यांना 1913 मध्ये स्टेशनवर गोळी घातली गेली. 1915 च्या अखेरीस युआन स्वतःच सम्राट व्हायला निघाले, काही महिन्यांत तो बेत सोडावा लागला, आणि त्यांच्या मृत्यूनंतर प्रांतोप्रांतीचे सेनापतीच राजे झाले. दोन्ही ठिकाणी बघायचं ते हे की राजाची गादी रिकामी झाली, पण राजाची बंदूक रिकामी झाली नव्हती. ती कुणाचं ऐकते, यावर सरकारचं आयुष्य ठरलं.

आता नेपाळ. इथे मी जरा थांबणार आहे, कारण चायनीजच्या गाडीवरच्या त्या गृहस्थाला उत्तर द्यायचं आहे, आणि नेपाळची गोष्ट 2008 पासून सुरू करणारा प्रत्येक जण चुकतो.

1846 च्या कोत हत्याकांडापासून नेपाळात राजा नावाला होता, सत्ता राणा घराण्याची. 1950 च्या नोव्हेंबरात राजे त्रिभुवन काठमांडूतल्या भारतीय वकिलातीत गेले, तिथून दिल्लीला आले. नेपाळी काँग्रेसने सशस्त्र उठाव केला, दिल्लीत तडजोड झाली, 18 फेब्रुवारी 1951 ला राणाशाही संपल्याची घोषणा झाली. त्या घोषणेत राजाने एक वचन दिलं होतं: लोकांनी निवडलेली संविधान सभा घटना लिहील. ती निवडणूक प्रत्यक्षात झाली 10 एप्रिल 2008 ला. सत्तावन्न वर्षांनी! मधल्या काळात काय झालं? 1951 ते 1959 राजाने एकामागून एक मंत्रिमंडळं नेमली आणि मोडली. के. आय. सिंह यांचं सरकार तर चार महिनेही टिकलं नाही. 1959 मध्ये पहिली निवडणूक झाली, बी. पी. कोइराला यांच्या काँग्रेसला 109 पैकी 74 जागा, म्हणजे दोन तृतीयांश. एवढं भक्कम सरकार. ते कुणी पाडलं? खासदारांनी नव्हे, रस्त्यावरच्या मोर्चानेही नव्हे. 15 डिसेंबर 1960 ला राजे महेंद्र यांनी पंतप्रधानांना अटक केली. बी. पी. आठ वर्षं तुरुंगात होते. पक्षांवर बंदी आली, ती तीस वर्षं राहिली.

या तीस वर्षांचं मोल तुझ्या लक्षात येतं का? पक्ष म्हणजे काय? हरायची सवय, सभासद नोंदणी, आतल्या निवडणुका, दोन नेत्यांचं पटत नसताना तिसऱ्या दिवशी एकत्र जेवण. हे सगळं उघड्यावर वाढतं. बंदी घातलेला पक्ष भूमिगत वाढतो, तिथे विश्वास एका नेत्यावर असतो, बाकी सगळ्यांवर संशय. तुरुंगातल्या आणि परागंदा माणसांचा पक्ष निष्ठावंत असतो, शूर असतो, पण त्याला बैठक चालवता येत नाही. 1990 ला जनआंदोलन झालं, बंदी उठली, राजा घटनात्मक झाला. 1991 ला काँग्रेसला 205 पैकी 110 जागा मिळाल्या, पुन्हा स्पष्ट बहुमत. आणि 1994 मध्ये याच पक्षाचे 36 खासदार मतदानाच्या वेळी गैरहजर राहिले, पंतप्रधान गिरिजाप्रसाद कोइराला यांनी संसद बरखास्त केली. “छत्तीसे” आणि “चौहत्तरे” हे शब्द नेपाळी राजकारणात तेव्हापासून रुळले: 110 चे दोन तुकडे. पुढच्या संसदेत बहुमत कुणालाच नाही. मनमोहन अधिकारींचं अल्पमतातलं सरकार नऊ महिने, मग देउबा, मग चंद, मग थापा, मग पुन्हा कोइराला. 1996 च्या फेब्रुवारीत माओवाद्यांनी बंदूक उचलली. 1 जून 2001 ला राजवाड्यात हत्याकांड झालं.

इथे तुझ्या मित्राला थांबवून विचार, या सगळ्या काळात राजा होता ना? घटनेत होता, नोटेवर होता, राजवाड्यात होता. तरी सरकारं पडतच होती. मग 2002 च्या ऑक्टोबरात नवे राजे ज्ञानेंद्र यांनी निवडून आलेल्या पंतप्रधानाला काढलं आणि स्वतः नेमणुका सुरू केल्या: चंद, मग थापा, मग ज्यांना काढलं तेच देउबा पुन्हा, आणि 1 फेब्रुवारी 2005 ला देउबांना परत काढून स्वतःच कारभार हाती. म्हणजे जेव्हा संसदच नव्हती, फोडायला खासदार नव्हते, सगळं एकाच माणसाच्या इच्छेवर होतं, तेव्हाही सव्वादोन वर्षांत तीन पंतप्रधान झाले. “राजा आऊ, देश बचाऊ” अशी घोषणा 2025 च्या मार्चात काठमांडूत ऐकू आली, तेव्हा मला हीच यादी आठवली.

एप्रिल 2006 मध्ये एकोणीस दिवसांचं आंदोलन झालं आणि राजा झुकला. 28 मे 2008 ला संविधान सभेने 560 विरुद्ध 4 मतांनी प्रजासत्ताक जाहीर केलं. बघ, राजा नको यावर 560. आणि त्याच सभागृहाला 2010 मध्ये पंतप्रधान निवडायचा होता तेव्हा मतदानाच्या सोळा फेऱ्या वाया गेल्या. सात महिने देश काळजीवाहू सरकारवर चालला, झालनाथ खनाल निवडले गेले ते सतराव्या फेरीत, 2011 च्या फेब्रुवारीत. सोलापूरच्या चौथ्या दिवसाचा जो प्रश्न मी वर काढला, तो हाच. 601 सदस्यांची सभा, त्यात वीसहून अधिक पक्ष, कारण मधेशी (तराईतले लोक), जनजाती, दलित, महिला ज्यांना शतकानुशतकं बाहेर ठेवलं होतं त्यांना आत घ्यायचं म्हणून 335 जागा प्रमाणशीर पद्धतीने भरल्या. हे मी दोष म्हणून सांगत नाही. पोर्तुगालने दार लावून घेतलं, नेपाळने उघडलं. दार उघडलं की घर भरतं आणि आवाज वाढतो, एवढंच. घटना व्हायला 20 सप्टेंबर 2015 उजाडला.

त्या घटनेने जुन्या अनुभवातून शहाणपण घेतलं होतं. पहिली दोन वर्षं अविश्वास ठराव आणायचा नाही, आणि आणायचा तर पुढचा पंतप्रधान कोण त्याचं नाव ठरावातच लिहायचं. जर्मनीने पहिल्या महायुद्धानंतरचं वायमार प्रजासत्ताक बुडाल्यावर 1949 मध्ये असाच नियम केला: पाडणाऱ्याने आधी बांधून दाखवावं. जर्मनीत तो चालला. नेपाळात 2018 साली के. पी. ओली यांच्याकडे दोन तृतीयांशाच्या आसपास बहुमत होतं, तरी सरकार गेलं. कारण दोन कम्युनिस्ट पक्षांच्या विलीनीकरणात पंतप्रधानपद ओली आणि माओवादी नेते प्रचंड यांनी आळीपाळीने वाटून घ्यायचं ठरलं होतं, आणि ते घटनेत नव्हतं, पक्षाच्या ठरावातही नव्हतं, दोघांमधला कागद होता तो. ओलींनी डिसेंबर 2020 मध्ये संसद बरखास्त केली, सर्वोच्च न्यायालयाने ती परत आणली. मे 2021 मध्ये पुन्हा बरखास्त, न्यायालयाने पुन्हा परत आणली आणि देउबांना पंतप्रधान करायला सांगितलं. चांगला नियमही पक्षाच्या आतल्या कारभारापर्यंत पोचत नाही. तिथे अजून राजेशाहीच आहे: नेता मरेपर्यंत नेता. देउबा पाच वेळा पंतप्रधान झाले, प्रचंड तीन वेळा. ऑगस्ट 2008 ते सप्टेंबर 2025 या सतरा वर्षांत तेरा सरकारं झाली खरी, पण चेहरे मोजलेस तर निम्म्याहून जास्त वेळा ओली, देउबा आणि प्रचंड हीच तिघं खुर्चीभोवती फिरताना दिसतील.

सप्टेंबर 2025 मध्ये तरुणांनी तेही सरकार घालवलं. समाजमाध्यमांवरची बंदी हे निमित्त. 8 तारखेला गोळीबार, 9 ला ओलींचा राजीनामा, सिंहदरबार हे सरकारचं मुख्यालय पेटलेलं. आणि 12 तारखेला माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की पंतप्रधान झाल्या. त्यांच्या नावाची चर्चा डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर झाली होती, आणि घटनेप्रमाणे पंतप्रधान संसदेचा सदस्य लागतो, त्या नव्हत्या. पुन्हा तोच चौथा दिवस. फरक असा की या वेळी राजाऐवजी निवडणुकीची तारीख मागितली गेली आणि 5 मार्च 2026 ही तारीख मिळाली.

आता तू विचारशील की आपल्याकडे साडेपाचशेहून अधिक संस्थानं होती, ती गेली, मग आपली सरकारं का पडली नाहीत? अक्कलकोट तर आपल्या जिल्ह्यातलंच, 1948 मध्ये विलीन झालं. आणि नळदुर्गला गेलास की निजामाची हद्द लागायची. तिथे लोकांचा लढा स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली झाला, सीमेवरच्या छावण्या सोलापूरच्या बाजूला होत्या. सप्टेंबर 1948 च्या पोलीस कारवाईनंतर हैदराबादेत आधी लष्करी गव्हर्नर म्हणून जनरल चौधरी, मग सनदी अधिकारी वेल्लोडी, आणि 1952 च्या निवडणुकीनंतर बी. रामकृष्ण राव. गंमत म्हणजे निजामाला घालवलंच नाही. 1956 पर्यंत तो राजप्रमुख म्हणून राहिला, शोभेचा. चौथ्या दिवशी शेवटचा शब्द कुणाचा, हा प्रश्न तिथल्या लढणाऱ्यांना सोडवावाच लागला नाही, कारण तो शब्द दिल्लीत होता, लिहिल्या जात असलेल्या घटनेत होता. आणि घटना लिहिणाऱ्यांनी 1937 पासून प्रांतांत मंत्रिमंडळं चालवली होती, काँग्रेसच्या अधिवेशनांत वर्षानुवर्षं उघडपणे भांडली आणि हरली होती. नेपाळच्या बाबतीतही 1951 ची तडजोड दिल्लीतच झाली. पण त्या तडजोडीने शेवटचा शब्द परत राजाच्या हाती दिला. त्याचा हिशेब नेपाळ अजून चुकवतोय.

पेपरात लिहिताना एक भेद नक्की कर. सरकार अस्थिर असणं वेगळं आणि राज्य अस्थिर असणं वेगळं. फ्रान्सच्या तिसऱ्या प्रजासत्ताकात, 1870 ते 1940, शंभराच्या आसपास मंत्रिमंडळं झाली. त्याच काळात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं झालं, रेल्वे गावोगाव गेली. मंत्री बदलत होते, पण कचेऱ्या, शाळा, प्रीफेक्ट (तिथले जिल्हाधिकारी) जागच्या जागी होते. चीनमध्ये 1916 नंतर मात्र राज्यच फाटलं. दोघांना एकाच मापाने मोजलंस तर परीक्षक गुण देईल कदाचित, पण मी नसते दिले.

आणि त्या चायनीजच्या गाडीवरच्या माणसाला माझ्या वतीने एक विचार. 2017 मध्ये नेपाळात 753 स्थानिक पालिकांच्या निवडणुका झाल्या, अध्यक्ष आणि महापौर थेट लोकांनी निवडले, मुदत पाच वर्षं. पुढच्या निवडणुका 2022 ला, ठरल्या वेळी झाल्या. त्याच पाच वर्षांत काठमांडूत पंतप्रधानपद प्रचंड, देउबा, ओली आणि पुन्हा देउबा असं फिरलं. देश तोच, माणसं तीच, पक्षही तेच. त्याच्या गावच्या पालिकेचा अध्यक्ष त्या पाच वर्षांत किती वेळा बदलला, ते विचार आणि मला कळव.